नडगीचं हाड गुडघ्यापाशी मोडलं, तर पुढे सांधा बदलावाच लागतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 47. पायऱ्यांवरून पडून डाव्या नडगीचं हाड गुडघ्याच्या अगदी खाली मोडलं. ऑपरेशन करून प्लेट आणि स्क्रू बसवले. आता आठ महिने झाले. हाड जुळलंय असं सांगितलंय, पण जिना उतरताना दुखतं आणि संध्याकाळी सूज येते. ऑपरेशननंतर कुणीतरी म्हणालं, ‘आज ना उद्या हा गुडघा बदलावा लागणार.’ ही शक्यता खरोखर किती? ती कमी करता येते का? आणि प्लेट काढून टाकली तर फायदा होईल का?

आधी आकडा सांगतो, कारण प्रश्नातली खरी भीती त्याचीच आहे. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात 1996 ते 2009 या काळात असं फ्रॅक्चर होऊन ऑपरेशन झालेल्या 8,426 जणांच्या पुढच्या नोंदी तपासल्या गेल्या. तो अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. दहा वर्षांत त्यांच्यापैकी 7.3 टक्के लोकांना गुडघा बदलावा लागला. त्याच वयाच्या, पण असं फ्रॅक्चर न झालेल्या लोकांत हे प्रमाण 1.8 टक्के होतं. इतर आजार वगैरे हिशेबात धरल्यावर धोका साधारण पाचपट निघाला.

‘पाचपट’ म्हटलं की पोटात गोळा येतो. पण तोच आकडा दुसऱ्या बाजूने वाचा. दहा वर्षांनीही शंभरातल्या ब्याण्णव-त्र्याण्णव जणांचा गुडघा बदललेला नव्हता. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि पेशंटला दोन्ही सांगायला हवीत. नुसतं पहिलं सांगून घरी पाठवलं की माणूस वर्षानुवर्षं त्या पायावर भरवसाच टाकत नाही. पाय न वापरल्याने गुडघ्याचं जे नुकसान होतं, ते मी फार जवळून पाहिलंय. म्हणून स्पष्ट सांगतो: तुमचा गुडघा ‘बदलावाच लागणार’ असं आज कुणीही ठामपणे म्हणू शकत नाही.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पहिल्या दोन वर्षांत फ्रॅक्चर झालेल्या आणि न झालेल्या लोकांत जवळपास फरकच नव्हता. पाचव्या वर्षापर्यंत मात्र आकडा 5.3 टक्क्यांवर गेला आणि त्यानंतर चढण मंदावली. म्हणजे ज्यांचा गुडघा खरंच बिघडायचा असतो, त्यांतल्या बऱ्याच जणांना ते पहिल्या पाच वर्षांत कळून येतं. अर्थात दहा वर्षं म्हणजे शेवट नव्हे. तुमच्यापुढे अजून तीस-पस्तीस वर्षं आहेत, आणि वयाबरोबर सगळ्यांचेच गुडघे झिजतात. त्यामुळे आयुष्यभराची शक्यता या सात टक्क्यांपेक्षा जास्त धरावी लागते. पण ती ‘नक्की’च्या आसपासही नाही.

आता एक घोळ मिटवू. एक्स-रेत झीज दिसणं आणि सांधा बदलावा लागणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. फिनलंडमधल्या 1995 च्या एका अभ्यासात अशी 131 फ्रॅक्चर सरासरी साडेसात वर्षांनी पुन्हा तपासली, तेव्हा 44 टक्के गुडघ्यांत झिजेच्या खुणा होत्या. नेदरलँड्समधल्या 2007 च्या अभ्यासात 109 जणांना सरासरी चौदा वर्षांनी तपासलं, त्यात हे प्रमाण 31 टक्के होतं. झीज दिसणारे इतके, आणि सांधा बदलावा लागणारे त्यांच्या तुलनेत फारच थोडे. सांध्यातली फट कमी झालेली, कडांना हाडाचे काटे आलेले, आणि तरी रोज तासभर चालणारे लोक माझ्याकडे नियमित येतात. फोटो पाहून मीही गप्प होतो, पण ऑपरेशन फोटोचं करायचं नसतं. पुढे कधी तुमच्या रिपोर्टवर ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’, म्हणजे सांध्याची झीज, असं लिहून आलं, तर लगेच सांधेबदलाची तारीख ठरवायची नाही, हे आत्ताच लक्षात ठेवा.

नडगीचं हाड कुठे मोडलं, यावरही सगळं अवलंबून असतं. हाडाच्या मधल्या लांब भागाचं फ्रॅक्चर सांध्यात जात नाही. ते सरळ जुळलं तर गुडघा बदलण्याशी त्याचा सहसा संबंध येत नाही. त्यात रॉड घातलेल्या बऱ्याच लोकांना पुढे गुडघ्याच्या समोर, वाटीच्या खाली दुखत राहतं, विशेषतः गुडघे टेकताना. ते दुखणं त्रासदायक असतं, पण ती सांध्याची झीज नव्हे. घोट्याजवळच्या फ्रॅक्चरमध्ये काळजी घोट्याची असते. तुमचं फ्रॅक्चर मात्र हाडाच्या अगदी वरच्या टोकाला, सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत गेलेलं आहे. आम्ही त्याला टिबिअल प्लॅटोचं फ्रॅक्चर म्हणतो. पुढचं सगळं त्याबद्दलच.

हा वरचा भाग दोन सपाट तबकांसारखा असतो, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. मांडीचं हाड त्यांच्यावर टेकतं. मध्ये दोन्हीकडे चंद्रकोरीच्या आकाराची गादी असते, म्हणजे मेनिस्कस, आणि हाडांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. पडताना किंवा धडकेत मांडीचं हाड जोराने खाली आपटतं. मग तबकाचा एक तुकडा चिरून बाजूला सरकतो, किंवा मधला भाग खाली दबतो, किंवा दोन्ही होतं. बहुतेक वेळा मार बाहेरच्या बाजूला बसतो. आतल्या बाजूचं हाड जास्त मजबूत असतं. ते मोडलं तर धक्का फार मोठा होता असं समजायचं, आणि लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधणारे पट्टे), रक्तवाहिन्या, नसा यांना काही झालंय का हे नीट पाहायचं.

कॅनडातले सर्जन जोसेफ शात्झकर यांनी 1979 मध्ये या फ्रॅक्चरचे सहा प्रकार मांडले. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर किंवा सीटी स्कॅनच्या रिपोर्टवर ‘शात्झकर टाइप’ असं लिहिलेलं असेल, ते जरूर बघा. पहिले तीन प्रकार बाहेरच्या बाजूचे: नुसता चिरलेला, चिरलेला आणि दबलेला, नुसता दबलेला. चौथा आतल्या बाजूचा. पाचव्यात दोन्ही बाजू मोडतात. सहाव्यात दोन्ही बाजू मोडून सांध्याचा भाग खालच्या हाडापासून सुटा होतो. पाचव्या-सहाव्या प्रकारात पुढे सांधा बदलावा लागण्याची शक्यता एका बाजूच्या फ्रॅक्चरपेक्षा जास्त असते. ऑन्टॅरिओच्या अभ्यासात ती साधारण दीडपट होती.

ऑपरेशनमध्ये काय होतं, हे थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढच्या झिजेचं कारण त्यातच दडलेलं आहे. दबलेला भाग असेल तर आम्ही खालून हाडाला छोटी खिडकी करतो आणि त्यातून दट्ट्याने तो भाग हळूहळू वर उचलतो. स्क्रीनवर बघत बघत, तबकाची रेषा पुन्हा एकसलग दिसेपर्यंत. तो वर आला की त्याच्याखाली पोकळी राहते. ती कमरेच्या हाडातून काढलेल्या बोन ग्राफ्टने किंवा कृत्रिम पदार्थाने भरतो. मग सांध्याच्या लगेच खालून आडवे स्क्रू घालतो, म्हणजे वरचा पृष्ठभाग त्यांच्यावर तोलला जातो. बाजूने प्लेट लावून चिरलेला तुकडा आवळून धरतो. गादी कडेने सुटली असेल तर ती टाके घालून परत जागेवर बसवतो.

एवढं सगळं नीट झालं तरी एक गोष्ट आमच्या हातात नसते. आपटण्याच्या क्षणीच कूर्चेतल्या काही पेशी मरतात. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे हाड जुळतं तशी ती जुळत नाही. तिच्या जागी जो भरणा होतो तो तंतुमय आणि कमी टिकाऊ असतो. म्हणूनच एक्स-रे उत्तम असूनही काही गुडघे पुढे झिजतात. हा ना सर्जनचा दोष असतो ना पेशंटचा. ‘मी कुठे चुकलो?’ असं विचारत बसलेले पेशंट बघून मला वाईट वाटतं, कारण पुष्कळदा उत्तर ‘कुठेच नाही’ हेच असतं.

मग कोणता गुडघा टिकतो आणि कोणता बिघडतो? इथे माझं मत ठाम आहे. बहुतेक लोकांचं, आणि काही डॉक्टरांचंही, लक्ष सांध्याच्या पृष्ठभागावर किती मिलिमीटरची पायरी राहिली यावर असतं. पायरी कमीत कमी असावी हे खरंच. पण बाहेरच्या बाजूला गादी रुंद असते, ती तबकाचा बराच भाग झाकते, त्यामुळे तिथली दोन-तीन मिलिमीटरची उणीव गुडघा बऱ्यापैकी सोसतो. गुडघा सोसत नाही तो वाकडेपणा. खुब्यापासून घोट्यापर्यंतची रेषा गुडघ्याच्या मधून जायला हवी. ती एका बाजूला सरकली की सगळा भार त्या बाजूला पडतो, आणि चाकाचं अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीचा टायर जसा एकाच कडेने झिजतो तसा सांधा झिजत जातो. नेदरलँड्सच्या त्या अभ्यासात पाच अंशांपेक्षा जास्त वाकडेपणा राहिलेल्यांत मध्यम ते तीव्र झीज 27 टक्क्यांना होती. ज्यांचा पाय सरळ होता त्यांच्यात 9 टक्क्यांना.

दुसरी गोष्ट गादी. फिनलंडच्या अभ्यासात ज्यांची गादी ऑपरेशनमध्ये काढून टाकली होती त्यांच्यापैकी 74 टक्के गुडघ्यांत झीज आढळली. गादी शाबूत किंवा शिवलेली होती त्यांच्यात 37 टक्के. त्या काळी फाटलेली गादी काढून टाकण्याची पद्धत सर्रास होती, आता आम्ही ती वाचवण्यासाठी जिवाचं रान करतो. तुमच्या ऑपरेशन नोटमध्ये गादीबद्दल काय लिहिलंय ते वाचा. ‘मेनिस्कस रिपेअर’ लिहिलं असेल तर ती चांगली बातमी समजा.

तिसरी गोष्ट स्थैर्य. गुडघा बाजूला कलतो, सटकल्यासारखा होतो, उतारावर दगा देतो, असं असेल तर लिगामेंट सैल राहिलेलं असू शकतं, किंवा तबकाची कड खचलेली असू शकते. असा गुडघा प्रत्येक पावलाला थोडा घासतो. याशिवाय वय जास्त असणं, मधुमेह किंवा इतर मोठे आजार असणं, आणि ऑपरेशननंतर खोलवर जंतुसंसर्ग झालेला असणं यांनीही शक्यता वाढते. संसर्ग झालेला गुडघा हा सगळ्यांत अवघड. तो कूर्चेचं नुकसान करतो आणि पुढे सांधा बदलायचा झाला तर त्या ऑपरेशनचाही धोका वाढवतो.

म्हणून पुढच्या तपासणीला जाल तेव्हा उभं राहून, वजन टाकून काढलेला दोन्ही गुडघ्यांचा एक्स-रे मागा. खुब्यापासून घोट्यापर्यंत पूर्ण पायाचा लांब एक्स-रेही मागा, त्याला बऱ्याच ठिकाणी स्कॅनोग्राम म्हणतात. झोपून काढलेल्या एक्स-रेत सांध्याची फट खोटी मोकळी दिसते आणि पायाची रेषा कळतच नाही. तुमच्या पुढच्या वीस वर्षांबद्दल हा एक फोटो जितकं सांगेल तितकं दुसरं काहीच सांगणार नाही. फ्रॅक्चरनंतर पहिल्या वर्षाच्या अखेरीस असा एक फोटो असलाच पाहिजे, म्हणजे पुढे कधी शंका आली तर तुलनेला काहीतरी हाताशी राहतं.

आता आठव्या महिन्यातल्या दुखण्याकडे येऊ. हे दुखणं म्हणजे झीज सुरू झाली, असं तुम्ही गृहीत धरलंय. बहुतेक वेळा तसं नसतं. अशा फ्रॅक्चरनंतर गुडघा वर्षभर, कधी दीड वर्षापर्यंत सुधारत राहतो. संध्याकाळची सूज, सकाळचा ताठरपणा, जिना उतरतानाची कळ हे सगळं त्या काळात चालू असतं.

अशा पेशंटला मी टेबलाच्या कडेला पाय सोडून बसवतो आणि सांगतो, ‘कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवा.’ बोट सांध्याच्या बरोबर फटीवर गेलं तर मी गादीचा आणि कूर्चेचा विचार करतो. फटीच्या खाली, बाहेरच्या बाजूला, कातडीखाली हाताला कडक कड लागते तिथे गेलं तर ती प्लेट असते, आणि मांडीच्या बाहेरून येणारा पट्टा चालताना तिच्यावर घासत असतो. बोट वाटीभोवती फिरत राहिलं आणि तक्रार जिना उतरण्याची असली, तर दोष बहुतेक मांडीच्या पुढच्या स्नायूचा असतो. मग टेप घेतो, वाटीच्या वर दहा-पंधरा सेंटिमीटरवर दोन्ही मांड्यांचा घेर मोजतो. दुखऱ्या पायाची मांडी नजरेला सारखी वाटते, पण टेप लावला की दोन-तीन सेंटिमीटर कमी निघते. त्यानंतर पेशंटला पालथं झोपवून पाय टेबलाबाहेर सोडायला लावतो आणि दोन्ही टाचांची उंची बघतो. एक टाच वर राहिली तर तो गुडघा पूर्ण सरळ होत नाही. साधारण एक सेंटिमीटरचा फरक म्हणजे जवळपास एका अंशाची कमतरता. पाच-सात अंशांची कमतरता झोपलेल्या माणसाला कळतही नाही, पण तिच्यामुळे चालताना गुडघा कायम किंचित वाकलेला राहतो, स्नायू दमतात आणि वाटीवर दाब वाढतो.

जिना उतरताना दुखतं आणि संध्याकाळी सूज येते, एवढ्या वर्णनावरून मला आधी शंका येते ती कमजोर मांडीची आणि अपुऱ्या सरळपणाची. दोन्ही दुरुस्त होण्यासारखी आहेत. काही लक्षणं मात्र वेगळी वागवायची. गुडघा अचानक जास्त गरम आणि लाल होणं, ताप, टाक्यांच्या जागेतून पाणी किंवा पू येणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, किंवा आधी सुधारत असलेलं दुखणं पुन्हा वाढत जाणं. हाड जुळलंय असं सांगितलं असलं तरी अशा वेळी थांबू नका. रक्तातलं ईएसआर आणि सीआरपी (शरीरातला दाह किंवा संसर्ग दाखवणाऱ्या तपासण्या), नवा एक्स-रे आणि गरज वाटली तर सीटी स्कॅन करून घ्यावा लागतो. पोटरी एकाएकी सुजली आणि दुखायला लागली, धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथे रक्ताची गाठ झाल्याची शंका असते.

शक्यता कमी करता येते का, या प्रश्नाचं उत्तर ‘बऱ्याच अंशी हो’ असं आहे. झालेला मार पुसता येत नाही, पण गुडघ्यावर रोज पडणारा भार तुमच्या हातात आहे. वजन जास्त असेल तर तिथून सुरुवात करा. 2005 च्या एका अभ्यासात, वजन जास्त असलेल्या आणि गुडघे झिजलेल्या लोकांत, कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी घटलेला दिसला. पाच किलो उतरले तर दर पावलाला वीस किलो. दिवसभराच्या पावलांना गुणा म्हणजे अंदाज येईल. हे साधणारी गोळी किंवा इंजेक्शन माझ्याकडे नाही.

मग मांडी. नुसतं ‘चालतो की रोज’ हे पुरत नाही, चालण्याने मांडीचा पुढचा स्नायू पुरेसा भरत नाही. पाय सरळ ठेवून उचलणं ही सुरुवात झाली, पण आठव्या महिन्यात तेवढ्यावरच थांबलात तर पुढे सरकणार नाही. हाड जुळल्याचं पक्कं असेल तर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, कमी उंचीच्या पायरीवर चढणं-उतरणं, लेग प्रेस, स्थिर सायकल, आणि हळूहळू वाढवत नेलेलं वजन. आठवड्यातून दोन-तीनदा, किमान तीन महिने. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निवळलं तर ते चालेल. सूज चोवीस तासांत उतरली नाही तर मात्रा जास्त झाली, पुढच्या वेळी कमी करा. खुब्याच्या बाजूचे स्नायू विसरू नका, त्यांच्या जोरावर गुडघा आत कलत नाही. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर रोज टाचेखाली उशी ठेवून दहा-दहा मिनिटं गुडघा आपल्या वजनाने खाली जाऊ द्या. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायची सवय मात्र मोडा. आराम वाटतो, पण वाकलेपणा पक्का होतो.

पोहणं, सायकल, सपाट रस्त्यावर चालणं मनसोक्त करा. धावणं आणि उड्या मारण्याचे खेळ निदान पहिलं वर्ष नकोत, आणि नंतरही पायाची रेषा, गादी, स्नायू बघूनच ठरवावं. लांब चालायचं असेल तर काठी घ्या, पण ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर बंद करा. हाड जुळण्यावर आणि जखमेवर तिचा परिणाम होतो आणि पुढच्या कुठल्याही ऑपरेशनचा धोका वाढतो. वेदनाशामक गोळ्या अधूनमधून ठीक, पण रोजच्या रोज स्वतःच्या मनाने नकोत. त्या किडनी आणि जठराला भारी पडतात.

पायाची रेषाच बिघडलेली असेल तर व्यायामाने ती सरळ होणार नाही. अशा वेळी हाड ठरावीक जागी कापून पाय पुन्हा सरळ करण्याचं ऑपरेशन असतं, त्याला ऑस्टिओटॉमी म्हणतात. तुमच्या वयात, झीज एकाच बाजूला आणि सुरुवातीची असेल, तर ते फार मोलाचं ठरतं. भार चांगल्या बाजूला जातो आणि सांधेबदल बरीच वर्षं लांबतो, काहींचा टळतोही. मला मनापासून वाटतं की या पर्यायाचा विचार वेळेत होत नाही. सांधा दोन्ही बाजूंनी संपल्यावर पेशंट येतो तेव्हा ती वेळ निघून गेलेली असते. म्हणूनच त्या लांब एक्स-रेचा मी आग्रह धरला.

आणि एवढं करूनही सांधा बदलायची वेळ आलीच तर? ती वेळ कोणती, हे पेशंटच्या दिवसावरून ठरतं. नीट केलेला व्यायाम, वजन, औषधं यांनी उपयोग होत नाही, रात्रीची झोप मोडते, कामं सुटत चालली आहेत, आणि एक्स-रेही त्याला दुजोरा देतो, हे सगळं एकत्र आलं की मी सांधेबदलाचा विषय काढतो. ऑपरेशननंतर दुखणं बहुतेकांचं चांगलं कमी होतं. पण फ्रॅक्चर झालेला गुडघा बदलणं हे साध्या झिजलेल्या गुडघ्यापेक्षा अवघड काम आहे. जंतुसंसर्ग, जखम भरण्याच्या अडचणी आणि ताठरपणा यांचं प्रमाण जास्त असतं.

कातडीचंच बघा. गुडघ्यासमोरच्या कातडीला रक्त मुख्यतः आतल्या बाजूने येतं. आधीच्या ऑपरेशनचे व्रण असतील तर त्यांच्यापैकी वापरण्याजोगा सगळ्यांत बाहेरचा व्रण निवडावा लागतो, नाहीतर दोन व्रणांमधली कातडी काळी पडू शकते. ऑपरेशनआधी ईएसआर, सीआरपी आणि थोडाही संशय असेल तर सांध्यातलं पाणी सुईने काढून जंतू तपासणं आवश्यक असतं. दडलेला संसर्ग निघाला तर आधी प्लेट काढून, तो पूर्ण बरा करून, मगच सांधा. आतलं हाड खचलेलं असेल तर लांब दांडीचा इम्प्लांट (कृत्रिम सांधा), लिगामेंट सैल असेल तर जास्त आधार देणारा. म्हणून असं ऑपरेशन रिव्हिजनचं, म्हणजे बसवलेला सांधा दुसऱ्यांदा बदलण्याचं काम नियमित करणाऱ्या सर्जनकडेच करून घ्यावं असं मी सांगेन. गुडघा किती वाकेल हे बऱ्याच अंशी आधी किती वाकत होता यावर ठरतं, त्यामुळे आज मिळवलेली हालचाल तेव्हाही कामी येते.

तुमच्या वयामुळे आणखी एक हिशेब मांडायला हवा. 2019 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यानुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे 82 टक्के 25 वर्षं टिकतात. ऐकायला छान. पण 2017 चा ब्रिटनमधला अभ्यास सांगतो की सत्तरीनंतर सांधा बदलला तर आयुष्यात तो पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता साधारण 5 टक्के, तर पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषांत ती 35 टक्क्यांपर्यंत जाते. हे आकडे बहुतांशी साध्या झिजेच्या गुडघ्यांचे आहेत, फ्रॅक्चरनंतरच्या गुडघ्यांसाठी त्यांच्यावर फार विसंबू नये. त्यामुळे पन्नाशीच्या आत मी शक्य तितकं लांबवतो. पण कुणी वेदनेत दिवस काढत असेल तर केवळ वय कमी आहे म्हणून ‘साठीपर्यंत थांबा’ असं सांगणंही मला पटत नाही. ती मधली वर्षं त्या माणसाच्या उमेदीची असतात.

वृद्ध माणसात, हाडं फार ठिसूळ असतील, सांधा आधीच झिजलेला असेल आणि फ्रॅक्चरचा चुरा झाला असेल, तर कधी कधी प्लेटच्या ऐवजी थेट सांधाच बदलतात. तो तुमचा विषय नाही. पण घरातल्या मोठ्यांबाबत असा सल्ला मिळाला तर तो चुकीचाच असं समजू नका.

शेवटचा प्रश्न प्लेटचा. प्लेट काढल्याने झीज कमी होत नाही आणि प्लेट ठेवल्याने वाढत नाही. झीज ठरते ती कूर्चा, गादी आणि रेषेवर, आणि या तिन्हींना प्लेट काढण्याने काही फरक पडत नाही. ‘पुढे सांधा बदलायला सोपं जावं’ म्हणून आत्ताच काढून ठेवण्यात अर्थ नाही. त्यासाठी एक जादा ऑपरेशन, एक जादा भूल आणि त्याच कातडीवर पुन्हा एक काप, हे सगळं होतं, आणि बहुतेकांना पुढे सांधा बदलावा लागतच नाही. काढायची कारणं दोनच: संसर्ग, किंवा प्लेटच्या कडेवर नेमकं दुखणं. संसर्गाची शंका असेल तर थांबायचं नाही. नुसतं दुखत असेल तर वर्ष-दीड वर्ष उलटू द्या, हाड पूर्ण जुळल्याची खात्री करून घ्या. काढल्यावर दुखणं कमी होईलच अशी हमी मात्र नसते. दुखरी जागा बोटाने दाबून प्लेटवरच सापडत असेल तर आशा जास्त. स्क्रूची भोकं भरेपर्यंत काही आठवडे हाड नाजूक असतं, त्या काळात धावणं, उडी मारणं आणि वजन उचलणं टाळावं लागतं.

तुमच्या बाबतीत मी आज प्लेटला हात लावणार नाही. लांब एक्स-रे काढा, टाचांची उंची आणि मांडीचा घेर तपासून घ्या, तीन महिने मन लावून व्यायाम करा आणि मग पुन्हा डॉक्टरांसमोर बसा. तेव्हाही जिना उतरताना तितकंच दुखत असेल, तर आधी त्या दुखण्याची नेमकी जागा शोधायला सांगा.